गोंगाटाच्या पेटीतलं वाक्य

"उलटगणती थांबवण्यात आली आहे," निहार म्हणाला आणि त्याने वरणभाताचा पुढचा घास घेतला.

त्या रविवारी हे वाक्य त्याने चौथ्यांदा म्हटलं होतं. घरात कसलीच उलटगणती चालू नव्हती. साल दोन हजार अठ्ठावन्न उजाडलं तरी वरणभाताला कुकरच लागत होता, आणि त्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा केव्हाच होऊन गेल्या होत्या. मग नेमकं काय थांबवण्यात आलं होतं?

"अरे, कसली उलटगणती?" त्याच्या ताईने, म्हणजे शाल्मलीने विचारलं. निहारने उत्तर दिलं नाही. तो सात वर्षांचा होता आणि त्याला ऑटिझम होता. तो फार थोडे शब्द बोलायचा आणि अख्खी वाक्यं म्हणायचा ती कुठून तरी ऐकलेली. बसमधली सूचना, मिक्सरच्या जाहिरातीतली ओळ असं काहीही. घरातल्या सगळ्यांनी ती वाक्यं कानाआड करायची सवय लावून घेतली होती. अकरा वर्षांच्या शाल्मलीनेसुद्धा.

हे घर होतं खडकमाळच्या पठारावर. तिथे चाळीस रेडिओ दुर्बिणी (डोळ्यांना न दिसणाऱ्या आकाशातल्या लहरी टिपणाऱ्या मोठाल्या तबकड्या) आभाळाकडे तोंड करून उभ्या असत. शाल्मलीचे आजोबा, म्हणजे आईचे वडील अण्णा, यांनी त्या तबकड्यांपाशी अडतीस वर्षं काढली होती. आई तेच काम शिकली आणि त्यांच्याही पुढे गेली. खरोखरच पुढे, कारण पाच महिन्यांपासून आई चंद्रावर होती. बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होते आणि महिन्यातले वीस दिवस तिकडेच असायचे.

आईशी बोलायचं ते रविवारी दुपारी चार वाजता. त्या दिवशीही चार वाजले, भिंतीवरच्या पडद्यावर आईचा चेहरा उजळला आणि सुलूआत्याने, जी मदतीला म्हणून राहायला आली होती, निहारचा दंड धरून त्याला पडद्यासमोर उभं केलं.

"बघ, बघ, कोण आलंय! आईकडे बघ! हात हलव!"

निहारने दोन्ही कानांवर हात दाबले. तो किंचाळला आणि आत्याचा हात सोडवून आतल्या खोलीत पळाला. दर रविवारी हेच व्हायचं.

पडद्यावर आई हसत होती, कारण चंद्रावरून आवाज यायला आणि चित्र जायला वेळ लागतो. अडीच सेकंदांनी तिला कळलं आणि तिचं हसू मावळलं. ते अडीच सेकंद शाल्मलीला दर रविवारी नकोसे व्हायचे.

"राहू दे गं शामू," आई म्हणाली. "पुढच्या रविवारी त्याला बोलवूच नका. उगाच त्याला कशाला त्रास?"

"पण आई, पुढचा रविवार शेवटचा आहे!"

तो खरंच शेवटचा होता. त्यानंतर आई आणि तिचे सोबती चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाणार होते. ती बाजू पृथ्वीला कधीच दिसत नाही. तिथे पृथ्वीवरचा रेडिओ गोंगाट पोचत नाही, म्हणून तर विश्वाच्या आरंभीचे अगदी क्षीण आवाज ऐकायला तीच जागा उत्तम. पण शांतता राखायची म्हणजे सगळ्यांनीच राखायची. शंभर दिवस आईचा आवाज येणार नव्हता. आठवड्यातून एकदा चार ओळींचा निरोप येणार होता, बस्स.

"तो मला विसरला असेल तर एका परीनं बरंच आहे," आई म्हणाली आणि घाईघाईने दुसरं काहीतरी बोलू लागली.

पडदा विझल्यावर आत्याने पदराला हात पुसले. "ती खरंच बोलली. या मुलांना आठवण येत नाही गं. आपल्याच जगात असतात. त्यांना माया नसते, म्हणून त्यांना दुःखही नसतं. सुखी आहे बिचारा." आत्या मनाने वाईट नव्हती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तिचा जन्माचा स्वभाव.

शाल्मलीला आईची आठवण सकाळी वेणी घालताना यायची, डबा उघडताना यायची, आणि कधी कधी काहीच करत नसताना यायची. बाबांना सांगितलं तर त्यांचा आवाज जड व्हायचा, म्हणून ती त्यांना सांगत नसे. निहार तिच्या शेजारीच असायचा, तिचाच भाऊ, त्याच आईचा मुलगा. त्यालाही आई आठवत नसेल, तर मग या घरात आठवण काढणारी ती एकटीच होती. तिला आई हवी होती, आणि आई नाही तर निदान सोबत तरी हवी होती.

ती उठली आणि थेट मागच्या पडवीत, अण्णांच्या कार्यशाळेत गेली.

अण्णा एका जुन्या यंत्राचं पोट उघडून बसले होते. शेजारी 'टाचण' उभा होता. टाचण हा घरचा यंत्रमानव, कमरेएवढा उंच. स्वयंपाकात मदत करायची, औषधांची आठवण द्यायची आणि दिवसभरात कोण काय म्हणालं याची नोंद ठेवायची, ही त्याची कामं. त्याला अण्णांनीच घडवलं होतं.

"अण्णा, निहारला ऑटिझम कशामुळे झाला? लस दिली म्हणून?"

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सुलू म्हणाली का?"

"हो."

"लाखो मुलांच्या नोंदी तपासून झाल्या आहेत बाळा. कितीतरी देशांत, कितीतरी वेळा. लस घेतलेल्या मुलांमध्ये आणि न घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण सारखंच निघालं. मग लोकांना तसं का वाटतं? लसी ज्या वयात देतात, साधारण त्याच वयात मुलाचं वेगळेपण आईवडिलांच्या लक्षात येऊ लागतं. कोंबडा आरवतो आणि मग उजाडतं. म्हणून कोंबड्यानं सूर्य वर आणला का?"

"मग आई सारखी कामात असायची म्हणून?"

"अजिबात नाही!" अण्णांचा आवाज चढला. "असं म्हणून लोकांनी पूर्वी कितीतरी आयांना फुकट रडवलंय. मूल पोटात असतानाच मेंदू घडत असतो. त्याची जोडणी काहींमध्ये वेगळ्या तऱ्हेनं होते. त्यात मोठा वाटा जनुकांचा (शरीर कसं घडवायचं याच्या सूचना, ज्या आईवडिलांकडून येतात). सगळी कारणं अजून कळलेली नाहीत. पण माया कमी पडली म्हणून ऑटिझम होत नाही, हे पक्कं कळलंय."

"आणि तो बरा कधी होणार?"

"ताप उतरतो. डावखुरेपण उतरतं का? हा आजार नाही, घडणच तशी आहे. त्यातून अडचणी येतात त्या मात्र खऱ्या आणि मोठ्या असतात. त्यांना मदत करायची. शिवाय कुणाला बोलणं जमत नाही, कुणी तासन्‌तास बोलतं. मुलींनाही ऑटिझम असतो, फक्त त्यांचा पुष्कळदा उशिरा लक्षात येतो. एकाला पाहिलंस म्हणजे एकालाच पाहिलंस."

"माझ्या वर्गातला रुद्राक्ष म्हणतो, अशी मुलं गणितात जादूगार असतात."

"थोडी असतात. आपल्या निहारला सदतीसातून एकोणीस वजा करायला तुझ्याइतकाच वेळ लागतो. म्हणजे बराच."

एरवी शाल्मली चिडली असती. आज तिने ते सोडून दिलं. "आणि तो म्हणतो, निहार परग्रहावरचा वाटतो."

अण्णांनी हातातला पेचकस खाली ठेवला. "मी आयुष्यभर परग्रहांकडे कान लावून बसलोय. तिकडून अजून कुणी आलेलं नाही. निहार याच घरात जन्मला. माझ्या मुलीचा मुलगा आहे तो. सांग त्या रुद्राक्षाला."

मग शाल्मलीने तो प्रश्न विचारला ज्यासाठी ती आली होती. "अण्णा, निहारला आईची आठवण येते का?"

"माहीत नाही," अण्णा म्हणाले. "चेहऱ्यावर दिसत नाही म्हणजे मनात नाही, असं मात्र म्हणता येत नाही. डोळ्यांत न बघणारा माणूसही ऐकत असतो. त्याला विचारून उत्तर मिळत नसेल, तर नोंदी बघाव्यात. टाचण, निहार दिवसभरात काय काय म्हणतो, ते दाखव बरं."

टाचणच्या छातीवरच्या पट्टीवर चारच शब्द उमटले. पाणी. नको. चपाती. झोका.

"आणि ते उलटगणतीचं?" शाल्मलीने विचारलं.

"ते वाक्य नोंदीत घेतलेलं नाही," टाचण म्हणाला. "नियम तीन. रोज पुन्हा पुन्हा तसाच येणारा, घराच्या आतून उगम पावणारा आवाज म्हणजे गोंगाट. तो गाळून गोंगाटाच्या पेटीत टाकावा."

"हा नियम कुणी केला?"

"अण्णांनी."

अण्णांचा चेहरा पडला. "अगं, आमच्या धंद्यात तसंच करतात. दुर्बिणीत एखादा आवाज रोज जसाच्या तसा येत असेल, तर तो ताऱ्याचा नसतो. शेजारच्या फ्रिजचा असतो. तो आधी गाळायचा आणि मग दूरचं ऐकायचं. अडतीस वर्षांची सवय. टाचणला घडवताना मी तोच नियम घातला." त्यांनी कपाळावर हात मारला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! आकाशगंगा ऐकत बसलो आणि नातवाला फ्रिजमध्ये जमा केलं. पण पेटी आहे ना? पुसली नाहीस ना रे?"

"गाळलेलं पुसायचं नाही. नियम चार."

"हा नियम मात्र चांगला केला होता मी," अण्णा पुटपुटले.

पेटीत ते वाक्य दोनशे सदतीस वेळा होतं. प्रत्येकासमोर तारीख होती, वेळ होती, आणि त्याआधी घरात काय घडलं तेही होतं. पुढचे तीन दिवस शाळेतून आल्यावर शाल्मली त्यांची वर्गवारी करत बसली. अण्णांनी एकच अट घातली होती. "आपल्याला हवं ते शोधायचं नाही. जे आहे ते बघायचं. जुळत नाही तेही लिहून ठेवायचं."

दर रविवारी, पडदा विझल्यानंतर पाच मिनिटांच्या आत, वाक्य होतं. आत्या आपली बॅग घेऊन दारात आली त्या दिवशी अकरा वेळा होतं. आईची निळी ओढणी धुऊन दोरीवर घातली तेव्हा होतं. आणि रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी होतं. याचा उलगडा शाल्मलीला होईना. मग बुधवारी ती मुद्दाम निहारजवळ थांबली. सहा दहाला बाहेर वळणावर दुर्बीण केंद्राच्या बसचा ब्रेक लागला. आई रोज त्याच बसने घरी यायची. निहारने दाराकडे पाहिलं आणि ते वाक्य म्हटलं.

एकोणीस नोंदी कशातच बसेनात. शाल्मलीने त्या वेगळ्या कागदावर लिहून ठेवल्या.

"आता मूळ शोधू," अण्णा म्हणाले. "याला इकोलेलिया म्हणतात (ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी पुन्हा म्हणणं). लोकांना ती पोपटपंची वाटते. पण ज्यांना स्वतःचं वाक्य जुळवणं जड जातं, ती मुलं कधी कधी तयार वाक्य उचलतात. ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात जे होतं, तेच त्यांना पुन्हा सांगायचं असतं. टाचण, पहिली नोंद कधीची?"

"आईसाहेबांच्या उड्डाणाच्या आधी ठरलेल्या दिवसाची. प्रक्षेपण तळ, नातेवाइकांचा कक्ष, मीही सोबत होतो. आवाज ऐकवू?"

आधी खुर्च्यांचा आवाज आला, मग बाबांचा खोकला. त्या कक्षात ज्याला त्याला आपापल्या भाषेत सूचना ऐकू यायच्या. आकडे उलटे मोजले जात होते आणि मोजता मोजता थांबले. मग एक शांत आवाज म्हणाला, "उलटगणती थांबवण्यात आली आहे. सर्व प्रवाशांनी कृपया नातेवाइकांकडे परत यावे."

शाल्मलीला सगळं आठवलं. वारा वाढला म्हणून उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेलं होतं. निरोप घेऊन गेलेली आई दार उघडून परत आत आली होती. निहार उठून तिच्याकडे गेला होता, आपण होऊन, आणि तिच्या पोटाला पाठ लावून तासभर तसाच बसला होता.

निहार त्या वाक्याचा अर्धाच भाग म्हणायचा. उरलेला अर्धा त्याच्या पोटातच राहायचा. परत यावे.

"दोनशे सदतीस वेळा," शाल्मली म्हणाली आणि रडायला लागली. "आणि आम्ही त्याला म्हणायचो, कसली उलटगणती!"

अण्णांनी तिला रडू दिलं. त्यांनाही चष्मा पुसावा लागला.

"पण मग तो पळून का जातो?" डोळे पुसत तिने विचारलं. "आई समोर असताना?"

"कोण समोर असतं? नीट आठव."

शाल्मलीने आठवून पाहिलं. लखलखता पडदा. त्यावर भिंतीएवढा चेहरा, मध्येच थिजणारा. आवाज मागे, ओठ पुढे. खोलीत तिघांचा एकदम आरडाओरडा आणि दंडावर आत्याची पकड.

"आपला मेंदू नको ते आवाज आणि उजेड आपोआप मागे सारतो," अण्णा म्हणाले. "निहारचा मेंदू पुष्कळदा तसं करत नाही. सगळं एकदम आणि पूर्ण जोरात आत येतं. याला संवेदनांचा अतिभार म्हणतात (डोळे, कान, त्वचा यांच्याकडून पेलवणार नाही इतकं एकदम येणं). तो आईपासून पळत नसेल. आपण तिच्याभोवती मांडलेल्या जत्रेपासून पळत असेल."

त्या संध्याकाळी शाल्मलीने आईला सहा ओळींचं पत्र पाठवलं. वाक्य, त्याचं मूळ आणि एक विनंती. रविवारी चित्र बंद ठेव, हळू बोल, आणि त्याला काहीही विचारू नकोस.

"तो येईलच असं नाही हं," अण्णांनी बजावलं. "आपला अंदाज चुकू शकतो. आणि अंदाज बरोबर असला तरी त्या दिवशी त्याला यावंसं वाटलं पाहिजे."

शाल्मलीला हे माहीत होतं.

रविवारी चार वाजता भिंतीवरचा पडदा बंद होता. अण्णांनी लाकडी खोक्यातला एक छोटा ध्वनिक्षेपक जमिनीवर ठेवला होता. आत्या स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. तिला गप्प बसायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीचं सगळ्यात अवघड काम तिचंच होतं. निहार खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, बोटांमध्ये दोरी फिरवत बसला होता.

"मी आले," खोक्यातून आईचा आवाज आला, अगदी हळू. "मी आत्ता खिडकीशी बसलेय. बाहेर करडी जमीन आहे. बाकी काही नाही."

निहारची दोरी थांबली.

आई थोडं थांबून पुन्हा बोलली. जेवायला काय होतं ते सांगितलं. बूट किती जड आहेत ते सांगितलं. तिने एकदाही निहारचं नाव घेतलं नाही, काही विचारलं नाही. शाल्मलीला वाटत होतं, विचार ना आई, वेळ जातोय. तिने स्वतःचा हात दाताखाली धरला.

अकरा मिनिटं गेली. मग निहार सरकत सरकत आला. कुणाकडेही न बघता तो खोक्यापाशी आडवा झाला आणि त्याने आपला गाल लाकडाला टेकवला.

"उलटगणती थांबवण्यात आली आहे," तो म्हणाला.

एक सेकंद. दोन. अडीच.

"हो रे राजा," आईचा आवाज फुटला होता. "मलासुद्धा यावंसं वाटतंय. तुझी खूप आठवण येते मला. शंभर दिवस आवाज नाही येणार. मग मी येईन."

त्यानंतर ती बोलली नाही. निहारही बोलला नाही. खोक्यातून फक्त आईचा श्वास येत होता आणि निहारचे डोळे मिटलेले होते. एक मिनिट झालं, चार झाली.

संपर्क केंद्रातल्या दळवीकाकांचा निरोप टाचणच्या पट्टीवर उमटला. 'खडकमाळ, आवाज ऐकू येत नाही. संपर्क तुटला का? बंद करू?'

शाल्मलीने घाईघाईने लिहिलं. 'नको काका, बंद करू नका. दोघं बोलतायत.'

दळवीकाकांनी वेळ संपेपर्यंत पुन्हा काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शंभर दिवसांची शांतता सुरू झाली. अण्णांनी नियम तीन काढून टाकला आणि पठारावरच्या आणखी दोन घरांतल्या यंत्रमानवांतूनही तो काढायला ते स्वतः गेले. निहारसाठी त्यांनी चित्रांची पाटी आणली (बोट ठेवलं की शब्द बोलणारी). पाटीमुळे त्याचं बोलणं मागे पडेल, अशी आत्याला भीती होती. ती खरी नाही, हे अण्णांनी तिला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा मात्र आत्यानेच शेजारणीला समजावलं.

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वळणावर बसचा ब्रेक लागला. निहारने दाराकडे पाहिलं आणि आपलं वाक्य म्हटलं.

शाल्मली अभ्यास सोडून उठली आणि त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून पायरीवर बसली.

"मलापण," ती म्हणाली.

निहारने तिच्याकडे पाहिलं नाही. पण ते हातभर अंतर त्याने सरकून संपवलं, आणि बस निघून गेल्यावरही दोघं तिथेच बसून राहिले.